त्रेचाळिसावी ओवी

२०२३ च्या पावसाळ्यात आमच्या चर्चमधील वाचनग्रंथाचे वेष्टन उकलले. तालुक्याच्या गावी पुस्तकबांधणी करणाऱ्या गृहस्थाने त्यावर लाल रेक्झिन चढवून दिले. दिसायला ते झकपक होते. पण नाताळपर्यंत त्याचे पापुद्रे सुटू लागले आणि मिस्सा संपल्यावर वाचकाच्या बोटांना लाल भुगा लागलेला दिसू लागला. त्याच सुमारास बिशपस्वामींनी मला सहा महिन्यांची विश्रांती मंजूर केली. गुरुदीक्षेनंतर सव्वीस वर्षांत अशी रजा मी प्रथमच घेत होतो. अशा रजेत कुणी पवित्र भूमीची यात्रा करतो, कुणी रोमला जाऊन एखादा अभ्यासक्रम पुरा करतो. मी मुंबईत एका धर्मगुरू-निवासात मुक्काम ठेवला आणि रोज सकाळची मिस्सा व न्याहारी आटोपून धारावीला जाऊ लागलो. वाचनग्रंथासाठी चामड्याचे वेष्टन आपल्या हाताने शिवायचे, असे मी सर्वांना सांगितले होते. ते खरे होते. पण पुरते खरे नव्हते.

धारावीत काळा किल्ल्याच्या बाजूला चामड्याची दुकाने ज्या रस्त्यावर ओळीने लागतात, त्या रस्त्याला संत रोहिदासांचे नाव आहे. पूर्वी येथे कातडी कमावण्याचे कारखाने होते. आज ते जवळजवळ उरलेले नाहीत. कमावलेले चामडे चेन्नई, कानपूर, कोलकाता येथून येते आणि येथे त्याच्या पिशव्या, पाकिटे, पट्टे होतात. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैलाचे कातडे मिळेनासे झाले, तेव्हापासून म्हशीच्या आणि बकऱ्याच्या चामड्यावरच बहुतेकांची भिस्त आहे. अशाच एका गाळ्यात, लोखंडी शिडी चढून जावे लागणाऱ्या माळ्यावर, मला शिकवायला एक कारागीर तयार झाले. पासष्टी ओलांडलेले, मूळचे सातारा जिल्ह्यातले. गाळ्यातील मुले त्यांना मास्तर म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझ्यापुढे पाकिटांचा ढीग ठेवला. पाकिटे शिवून तयार होती. फक्त त्यांच्या कडा उघड्या, फिकट, केसाळ होत्या.

"ह्या कडा करा," ते म्हणाले.

"पण मला शिवायला शिकायचं आहे, मास्तर."

"शिकाल की. आमच्यात पोरगं शेवटाकडनं आत येतं, फादर. आधी कड, मग चिकटवणं, मग छिलाई, मग हातशिलाई. मशीन सगळ्यांत शेवटी."

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाकडून ईशज्ञानाकडे गेलो, पायापासून कळसाकडे. येथे कळसापासून आरंभ होता. पॉलिशपेपरने कड घासायची, फडक्याने धूळ टिपायची, रंगाचा पातळ हात द्यायचा, वाळू द्यायची, पुन्हा बारीक कागदाने घासायची, पुन्हा रंग, मग मेण, आणि मग जाड कापडाने घोटत राहायचे. मास्तरांनी चामड्याचे दोन तुकडे माझ्या हाती दिले. एक बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेला होता. त्याची कड किंचित ओली करून घोटली, की ती घट्ट होते आणि आपल्या अंगच्याच चकाकीने उजळते. दुसरा क्रोमियमच्या क्षारात कमावलेला होता. तो मऊ असतो, लवकर तयार होतो, पण कितीही घोटला तरी त्याची कड मऊच राहते. तिला वरून रंगच चढवावा लागतो.

तीन आठवडे मी कडाच केल्या. या कामात हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. पाकीट कापणाऱ्याचा हात कोठे ढळला, चिकटवणाऱ्याने कोठे घाई केली, हे सारे कडेला येऊन उघडे पडते. सोल्यूशनचा एक थेंब बाहेर आलेला असला, तर त्या जागी रंग धरत नाही. चामड्याचे दोन थर केसभर मागेपुढे झालेले असले, तर बोटाला पायरी लागते. मास्तर नव्या मुलाला शेवटापासून का आत घेतात, त्याचे कारण हेच. दुसऱ्यांच्या चुका घासून घासून पुसल्यावर आपल्याला चूक कशी दिसते ते कळते. कबुलीजबाब ऐकणाऱ्या माणसाला हा धडा नवा वाटायला नको होता. तरी तो नवा वाटला.

पुढे चिकटवणे आले. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावायचे आणि ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबायचे. त्यानंतर थर एकमेकांवर टेकवायचे ते एकदाच. टेकले की सरकवता येत नाहीत. वरून हातोडीचे हलके ठोके. तेही जमले. मग एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मास्तरांनी माझ्या हाती रापी दिली.

रापी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. एस.टी. स्टँडबाहेर बसणाऱ्या कारागिराच्या हातातले ते रुंद, चपट्या पात्याचे हत्यार. चामड्याची घडी घालायची असली, की कडेची जाडी आतून, मांसाकडच्या बाजूने, तासून कमी करावी लागते. पाते जवळजवळ आडवे धरायचे; जरा उभे झाले की आरपार जाते. नवशिका हटकून पाते आपल्याकडे ओढतो आणि बोट कापून घेतो. मी दगडावर तुकडा ठेवला, डाव्या तळव्याने दाबला, रापीच्या पाठीवर तर्जनी टेकवली आणि पाते माझ्यापासून दूर ढकलले. चामड्याची पातळ साल निघून वळली.

मास्तर हातातले काम थांबवून पाहत होते.

"रापी अशी धरायला कुणी शिकवली, फादर?"

"कुठंतरी पाहिलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि ते पुन्हा कामाला लागले. मीही छिलत राहिलो. पण त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही.

माझे वडील चामड्याचे काम करीत. आजोबांच्या काळात आमचे घराणे ख्रिस्ती झाले. देव बदलला, चामडे सुटले नाही. घराच्या ओट्यावर एक काळा दगड होता, त्यावर वडील कातडे ठोकीत. शेजारी पाण्याची कुंडी असे, तीत चामडे भिजत पडलेले असे. गावात विजेचे पंप आल्यावरही दोन मोटा शिल्लक होत्या. त्यांच्या सोंडा वडिलांनी शिवलेल्या मला आठवतात. बाकी मग वहाणा, आसूड, बैलांच्या गळ्यातले पट्टे. सुगीच्या दिवसांत ते लोकांच्या शेतावर मजुरीलाही जात.

शाळेत म्हणींचा पाठ असे. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा' ही म्हण आली, की मी पाटीकडे पाहत असे. वर्गातले कुणी मुद्दाम वळून पाही, कुणी पाहत नसे. मला मात्र सारा वर्ग वळल्यासारखा वाटे. १९८५ साली दहावी झाल्यावर सेमिनरीचा अर्ज भरला. त्यात वडिलांचा व्यवसाय विचारला होता. मी 'शेतमजुरी' असे लिहिले. ते खोटे नव्हते. वर्षातले दोन महिने ते खरेच होते. उरलेले दहा महिने मी गाळले.

बारा वर्षे तोच शब्द पुरला. १९९७ मध्ये माझी गुरुदीक्षा झाली. मांडवात पाहुणे, धर्मभगिनी, सोबती धर्मगुरू यांची गर्दी होती. एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी आस्थेने वडिलांना विचारले, "आपण काय करता?" मी चार पावलांवर उभा होतो. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. क्षणभरच. मग ते म्हणाले, "शेती, फादर. शेती करतो."

मी त्यांना काही शिकवून ठेवले नव्हते. माझी गोष्ट त्यांना कधीतरी कुणाकडून कळली असली पाहिजे. त्यांनी ती आपल्या तोंडाने खरी केली. त्यांच्या हातांना तेव्हा काळे डाग होते; ते साबणाने जात नसत. २००४ साली ते वारले. हत्यारांचे काय करायचे, असे भावाने विचारले, तेव्हा "देऊन टाका कुणाला तरी," असे मीच सांगितले.

आता या वयात, मुंबईच्या एका माळ्यावर, माझ्या हाताने ते सारे जसेच्या तसे बाहेर काढले होते आणि तोंडाने पुन्हा एकदा ते नाकारले होते. पेत्राने अंगणातल्या शेकोटीपाशी केले तेच. त्याला निदान भीतीचे कारण होते. मला कसले होते?

दोन-चार दिवसांनी, २० एप्रिल २०२४ रोजी, पुनरुत्थान काळातील तिसऱ्या आठवड्याचा शनिवार आला. त्या दिवसाचे पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांतले असते: अध्याय ९, ओव्या ३१ ते ४२. पेत्र यापो येथे जातो आणि मरण पावलेल्या टबीथाला उठवतो. टबीथा कपडे शिवणारी होती. तिने शिवलेले झगे आणि वस्त्रे हातात धरून विधवा रडत पेत्राला दाखवतात. मी हे वाचन वर्षानुवर्षे केले आहे, त्यावर प्रवचनेही दिली आहेत. त्या दिवशी मिस्सा झाल्यावर खोलीत येऊन मी बायबल उघडले, ते शिवणाविषयी आणखी काही आहे का, एवढ्यासाठीच. तेव्हा पुढची ओवी दिसली. वाचन बेचाळिसाव्या ओवीला थांबते. त्रेचाळिसाव्या ओवीत एवढेच आहे, की त्यानंतर पेत्र यापोमध्ये बरेच दिवस शिमोन नावाच्या माणसाच्या घरी राहिला. हा शिमोन कातडी कमावणारा होता. आपल्या जुन्या मराठी बायबलात त्याला सरळ चांभार म्हटले आहे.

सेमिनरीत हे मी नक्कीच वाचले असेन. पण ती ओवी मिस्सेच्या वाचनात येत नाही. दहाव्या अध्यायात त्याच शिमोनचा दोनदा उल्लेख आहे, त्याचे घर समुद्राकाठी होते असेही सांगितले आहे; त्या ओव्याही वेदीपाशी वाचल्या जात नाहीत. यात कुणाचा हेतू आहे असे मी म्हणत नाही. वाचनाला कोठेतरी थांबावे लागते. टबीथाची कथा बेचाळिसाव्या ओवीला पुरी होते. परंतु त्या काळी यहुदी समाजात कातडी कमावणाऱ्याची जागा कोणती होती, ते ठाऊक असले म्हणजे ही ओवी साधी राहत नाही. मेलेल्या जनावराशी रोजचा संबंध, त्यातून येणारा विटाळ आणि दुर्गंधी. मिश्नाह या ग्रंथात असा नियम आहे, की कातडी कमावण्याची जागा गावापासून निदान ५० हात दूर, आणि तीही गावाच्या पूर्वेलाच असावी. नवऱ्याच्या अंगाचा हा वास सोसवत नाही म्हणून त्या माणसाच्या बायकोला घटस्फोट मागता येई, असेही त्यात आहे. गावकुसाबाहेरचे घर म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागू नये.

त्या घरी पेत्र उतरला. एकदा जेवायला नव्हे, बरेच दिवस. आणि त्याच घराच्या गच्चीवर प्रार्थना करीत असता त्याला तो दृष्टान्त झाला, की देवाने जे शुद्ध केले आहे त्याला तू निषिद्ध मानू नकोस. पुढे तो कर्नेल्याकडे, परराष्ट्रीयांकडे गेला, तो या घरातून निघून. खाली अंगणात कातडी भिजत असताना वर गच्चीवर ख्रिस्तसभेचे दार सर्व राष्ट्रांना उघडत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये. एका नाकारणाऱ्याला देवाने शहाणे करण्यासाठी कोणाच्या घरी नेऊन ठेवले, ते पाहा. मी मात्र तशा घरात जन्मलो आणि तेथून पत्ता न ठेवता निघालो.

सोमवारी मी मास्तरांना सांगितले. ते मला हातशिलाई दाखवत होते. आरीने पाडलेल्या एकाच छिद्रातून एकाच दोऱ्याची दोन टोके, दोन सुयांनी, समोरासमोरून न्यायची. एका बाजूचा टाका तुटला तरी दुसऱ्या बाजूचा धरून ठेवतो. खाली मान घालून शिवत मी म्हणालो, "रापी वडिलांची पाहिली होती, मास्तर. ते आपल्यातलेच. मी त्या दिवशी सांगितलं नाही."

मास्तरांनी दोरा ओढून टाका घट्ट केला.

"ते कळलंच होतं," ते म्हणाले. "माझा पोरगा बँकेत आहे. तिथं तो सांगतो, वडिलांचा एक्सपोर्टचा धंदा आहे. खोटं नाही ते. माल जातो बाहेर."

मग थोड्या वेळाने, "वडील कशाकशाचं काम करायचे?"

सत्तावीस वर्षांपूर्वी मांडवात हाच प्रश्न विचारला गेला होता. मी मास्तरांना मोटेच्या सोंडेपासून आसुडापर्यंत सारे सांगितले. सोंडेला टाका कसा घालतात, हे त्यांनी कुतूहलाने विचारले. त्यांच्या पाहण्यात मोट कधी आलीच नव्हती. मला आठवत होते तेवढे मी हातांनी करून दाखवले. त्या दुपारी कोण कुणाचा विद्यार्थी, हे सांगणे कठीण होते.

जूनमध्ये मी मशीनवर बसलो. तिच्या मोटारीला दम नव्हता. पायाचा किंचित भार पडला, की ती दहा टाके एका दमात घालून मोकळी होई. म्हणून प्रथम बिनदोऱ्याच्या सुईने कागदावर शिवायचे. निवासाच्या चर्चमधील जुन्या सूचनापत्रकांच्या पाठीवर मी पेन्सिलीने रेघा मारून नेल्या आणि त्यांवर छिद्रांच्या ओळी पाडल्या. कोपरा आला, की सुई चामड्यात रुतलेली ठेवायची, पाय उचलायचा, तुकडा वळवायचा, पाय टेकवायचा. कापडाच्या सुईचे टोक गोल असते, ते धाग्यांमधून वाट काढते; चामड्याच्या सुईचे टोक पात्यासारखे असते, ते कापत जाते. त्यामुळे टाका फार बारीक घालायचा नसतो. कापडावर बारीक टाका मजबूत. चामड्यावर तो छिद्रांची दाट रांग पाडतो आणि चामडे टपालाच्या तिकिटासारखे त्या रांगेवर फाटते.

शेवटच्या आठवड्यात बकऱ्याच्या तांबूस चामड्याचे वेष्टन कापले. घडी पडेल तेथे छिलाई केली, आतले खिसे चिकटवले आणि चारही बाजूंनी शिवायला घेतले. तीन कोपरे नीट वळले. चौथ्याला पाय जड पडला. सात टाके सरळ रेघ सोडून आत गेले.

कापड असते तर उसवून, पाणी मारून, इस्त्री फिरवून छिद्रे बुजवता आली असती. चामड्यातले छिद्र बुजत नाही. मी तो भाग उसवला, योग्य रेघेवर पुन्हा शिवला. शेजारी सात उघडी छिद्रे राहिली. नवे चामडे आणून पुन्हा करू का, असे मी विचारले.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "शिवण पक्की आहे. भोकं राहतात. राहू द्या."

पापाची क्षमा झाली तरी त्याचे परिणाम मागे उरतात, ही शिकवण मी सव्वीस वर्षे दिली. वडिलांकडे जाऊन क्षमा मागण्याची वेळ आता निघून गेली आहे, हे त्या सात छिद्रांकडे पाहताना मला समजले. आणि पुनरुत्थित प्रभूने थोमाला हात दाखवले, तेव्हा त्यांवरच्या खुणा गेलेल्या नव्हत्या, हेही आठवले.

परतताना गावी गेलो. हत्यारे कुणाकडे गेली ते भावाला आता आठवत नाही. दगड मात्र आहे. नळाखाली ठेवलेला आहे. वहिनी त्यावर धुणे धुतात. मध्यभागी वडिलांच्या हातोडीने पडलेला उथळ खळगा आहे, त्यात साबणाचे पाणी साचते. "घेऊन जायचा आहे का?" असे भावाने विचारले. मी नको म्हटले. तो कामात आहे, तेच बरे.

वाचनग्रंथ आता आमच्या चर्चमध्ये त्या वेष्टनात आहे. गेल्या वर्षी, १० मे २०२५ रोजी, पुन्हा तोच शनिवार आला. वाचन नेमाप्रमाणे बेचाळिसाव्या ओवीला थांबले. प्रवचनाच्या वेळी मी बायबल उघडून त्रेचाळिसावी ओवी वाचून दाखवली आणि शिमोनच्या घराविषयी बोललो. माझ्या घराविषयी बोललो नाही. तेवढे धैर्य त्या दिवशी झाले नाही. ते आज येथे लिहीत आहे.

मिस्सेला वीस-बावीस माणसे होती. सारी गेल्यावर नेहमी पहिल्या बाकावर बसणाऱ्या एक आजी पुढे आल्या. त्यांनी वाचनग्रंथावर हात ठेवला. बोटे कडेवरून फिरत चौथ्या कोपऱ्याशी थांबली.

"चामडं आहे होय, फादर? कुणी शिवलं?"

"मीच शिवलं, आजी."

"अगं बाई! आणि तुम्हाला शिकवलं कुणी?"

"आधी वडिलांनी," मी म्हणालो. "मग मुंबईला एका मास्तरांनी."